यंत्रांच्या जन्मकथा : घाईत घडलेला रणगाडा



आमच्या इंदुरीत 'टाकी' म्हटलं की पाण्याची टाकी डोळ्यांपुढे येते. इंग्रजीत टाकीला 'टँक' म्हणतात. मग रणगाड्यालाही 'टँक' का म्हणायचं? पाण्याच्या टाकीचा आणि युद्धाचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो थापेचा आहे! पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये हे लोखंडी गाडे अगदी गुपचूप बनत होते. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून 'ह्या पाण्याच्या टाक्या आहेत' असं सांगितलं गेलं. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत या 'टाक्या' पहिल्यांदा धडधडत पुढे आल्या, तेव्हा गुपित फुटलं. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आपला 'रणगाडा' हा शब्द जास्त प्रामाणिक आहे, नाही का? रणातला गाडा!

आजची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातल्या एका मध्यम रणगाड्याची आहे. त्याचं नाव एम-३. हा काही जगातला सर्वांत चांगला रणगाडा नव्हे. उलट त्याच्यात ढीगभर खोडी होत्या, आणि ज्यांनी तो बनवला त्यांना त्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होत्या. तरीही त्यांनी तो बनवला. एक-दोन नव्हे, तब्बल ६,२५८! आणि त्यातले कित्येक आपल्याच देशात, मणिपूर आणि नागालँडच्या डोंगरांत लढले.

खोडी माहीत असताना बनवला का? त्यातच तर गंमत आहे.

सहा आठवड्यांत उलटलेलं जग

१० मे १९४० ला जर्मनीनं फ्रान्स, बेल्जियम आणि हॉलंडवर हल्ला चढवला. फ्रान्सकडे मोठं सैन्य होतं, भरपूर रणगाडेही होते. पण जर्मनांनी आपले रणगाडे एकत्र ठेवून वेगानं घुसवले. २२ जूनला फ्रान्सनं हार मान्य करून करारावर सही केली. म्हणजे सहा आठवडे! तुमची उन्हाळ्याची सुट्टीही साधारण तेवढीच असते.

इंग्लंडचं सैन्य डंकर्कच्या किनाऱ्यावरून बोटींत बसून कसंबसं मायदेशी परतलं. माणसं वाचली, पण रणगाडे, तोफा, ट्रक सगळं मागेच राहिलं.

अमेरिका तेव्हा अजून युद्धात उतरली नव्हती. तिच्याकडे एम-२ नावाचा मध्यम रणगाडा होता. त्यावर ३७ मिलिमीटरची तोफ होती, म्हणजे लिंबाएवढ्या जाडीचा गोळा. गोळ्याचं वजन किलोच्याही आत. आणि जर्मनांचा 'पँझर-४' तर ७५ मिलिमीटरची तोफ घेऊन हिंडत होता. अमेरिकी सेनाधिकाऱ्यांनी ठरवलं, आपल्यालाही ७५ मिलिमीटरचीच तोफ हवी, आणि हवी ती आत्ताच.

आता गणित पाहा हं. ३७ ची दुप्पट होते ७४. म्हणजे तोफेचं तोंड जेमतेम दुप्पट झालं. पण गोळ्याचं वजन किती झालं? सुमारे सहा-साडेसहा किलो! दुप्पट नाही, तिप्पट नाही, सातपटीच्या आसपास. कारण गोळा नुसता जाड होत नाही, तो लांबही होतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट झाल्या तर आकारमान आठपट होतं. सातवी-आठवीतल्या दादा-ताईंनी हे वहीत करून पाहावं.

जात्याची अडचण

तोफ मोठी करायची ठरवणं सोपं होतं. पण ती बसवायची कुठे?

रणगाड्याच्या डोक्यावर एक फिरता बुरूज असतो. त्याला टरेट म्हणतात. तोफ या बुरुजात असली की गाडा जागचा न हलवता चहूकडे नेम धरता येतो. हा बुरूज कसा फिरतो हे समजायला आजीचं जातं आठवा. खालची तळी स्थिर आणि वरची फिरते. मात्र जात्याला मधे खुंटा असतो. रणगाड्यात मधे खुंटा ठेवून चालत नाही, कारण मधल्या मोकळ्या जागेत माणसं बसतात. म्हणून बुरुजाचा सगळा भार कडेच्या एका मोठ्या पोलादी कड्यावर पेलावा लागतो. सायकलच्या चाकात जसे छर्रे असतात, तशा गोळ्यांवर हे कडं फिरतं.

आता तोफ उडाली की ती मागे जोरात धक्का देते. चाकं लावलेल्या पाटावर बसून तुम्ही पाण्यानं भरलेली बादली जोरानं पुढे फेकलीत, तर तुम्ही मागे सरकाल. तसंच हे. तोफ जेवढी मोठी, तेवढा धक्का मोठा. धक्का मोठा म्हणून कडं मोठं. कडं मोठं म्हणून बुरूज मोठा, आणि बुरूज मोठा म्हणून खालचा गाडाही रुंद हवा.

एवढा मोठा बुरूज आणि एवढं मोठं कडं बनवण्याचा अनुभव अमेरिकेच्या रणगाडा बनवणाऱ्यांना तेव्हा नव्हता. त्याचे नकाशे काढायचे, नमुना बनवायचा, चाचण्या घ्यायच्या, मग कारखान्यात यंत्रं बसवायची. या सगळ्याला वेळ लागणार होता. आणि वेळच तर नव्हता.

मग एक जुना प्रयोग कामी आला. १९३९ मध्ये एका चाचणीच्या गाड्यावर ७५ मिलिमीटरची छोटी तोफ बुरुजात न बसवता गाड्याच्या अंगात, उजव्या कुशीला बसवून पाहिली होती. बुरूज नाही तर नाही, कुशीत का होईना, तोफ बसते तर! ठरलं. मोठी तोफ उजव्या कुशीत आणि जुनी छोटी तोफ वरच्या फिरत्या बुरुजात. एका गाड्याला दोन तोफा!

आमच्या इंदुरीत सरसेनापती दाभाड्यांचा भुईकोट किल्ला आहे. त्याची तटबंदी आणि बुरूज आजही पाहायला मिळतात. तुम्ही कुठलाही किल्ला पाहिला असेल तर तटातल्या जंग्या आठवा. जंगी म्हणजे बंदूक रोखायची अरुंद फट. जंगीतून समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं दिसत नाही. एम-३ ची मोठी तोफ अशीच जंगीतली तोफ होती. ती डावीकडे १५ अंश आणि उजवीकडे १५ अंश एवढीच वळायची. तुमच्या कंपासपेटीतला कोनमापक काढा आणि ३० अंशांचा कोन आखा. एवढंच तिचं राज्य! शत्रू त्याबाहेर गेला की अख्खा गाडा वळवायचा.

हे नकाशा काढणाऱ्यांना ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच सुरुवातीपासून ठरलेलं होतं की एम-३ ही तात्पुरती सोय आहे. मोठ्या फिरत्या बुरुजाचा गाडा तयार होईपर्यंतच ती चालवायची.

रणगाडा न पाहिलेले कारागीर

एवढे गाडे बनवायचे कुणी? अमेरिकेत मोटारी बनवणारे कारखाने मोठे होते. एका वेळी हजारो सारख्या वस्तू कशा बनवायच्या हे त्यांना माहीत होतं. म्हणून क्रायस्लर या मोटार कंपनीला विचारलं. मौज अशी की तिथल्या बहुतेकांनी तोवर रणगाडा जवळून पाहिलासुद्धा नव्हता!

त्यांचे इंजिनिअर रॉक आयलंड इथल्या सरकारी शस्त्रागारात गेले, एम-२ पाहिला आणि नकाशांचे गठ्ठे घेऊन परतले. मग त्यांनी काय करावं? एक-एक सुटा भाग लाकडात कोरून अख्खा लाकडी रणगाडा जोडला. कुठला भाग कुठे बसतो, हात कुठे पोचत नाही, हे लाकडात कळलं तर पोलाद वाया जात नाही.

१५ ऑगस्ट १९४० ला क्रायस्लरशी करार झाला तो १,००० एम-२ रणगाड्यांचा. दोन आठवडेही झाले नाहीत तोच सैन्यानं कळवलं, ते राहू द्या, आता एम-३ बनवा. एम-३ चे नकाशे तर अजून पुरे व्हायचे होते! डेट्रॉइट शहराजवळ शेतजमिनीवर सप्टेंबरमध्ये कारखान्याची इमारत उभारायला घेतली. म्हणजे एकीकडे गाड्याचे नकाशे काढले जात होते आणि दुसरीकडे तो गाडा जिथे बनायचा त्या कारखान्याच्या भिंती चढत होत्या. एप्रिल १९४१ मध्ये पहिला एम-३ बाहेर पडला. याच सुमारास रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या दोन कंपन्यांनीही आपले पहिले गाडे पुरे केले. त्यांची नावं अमेरिकन लोकोमोटिव्ह आणि बाल्डविन.

विमानाचं इंजिन, दहा फुटांची उंची

घाईमुळे जे हाताशी होतं तेच वापरलं गेलं. रणगाड्यासाठी खास बनवलेलं मोठं इंजिन नव्हतं, म्हणून विमानाचं इंजिन बसवलं. या इंजिनात नऊ सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले असतात. विमानाच्या नाकाला ते शोभतं. पण गाड्यात आडवं ठेवता येत नाही, उभंच ठेवावं लागतं. म्हणून गाड्याचा मागचा भाग उंच झाला. इंजिन मागे आणि पट्ट्यांना फिरवणारी दातेरी चाकं पुढे, म्हणून मधून एक लांब दांडा न्यावा लागला. त्या दांड्याच्या वर माणसांची बैठक, बैठकीच्या वर छोटा बुरूज, आणि त्या बुरुजावर मशीनगनची आणखी एक छोटी टोपी! एकावर एक उतरंड रचावी तसा हा गाडा वर वर गेला. उंची ३.१२ मीटर, म्हणजे दहा फुटांहून थोडी जास्त. वजन सुमारे २७ टन, म्हणजे पाच-सहा हत्तींएवढं. आत माणसं सात.

पुढे विमानांनाच इंजिनं कमी पडू लागली. तेव्हा क्रायस्लरनं मोटारीची पाच इंजिनं एकत्र जोडून एक मोठं इंजिन केलं आणि ते काही गाड्यांत बसवलं. पाच बैलांना एका गाड्याला जुंपावं तसं!

इंग्रजांनी हा रणगाडा घेतला तेव्हा त्यांनी वरची टोपी काढून टाकली, बुरूज नवा केला आणि वायरलेस यंत्र त्या बुरुजात बसवलं. अशा गाड्याला त्यांनी नाव दिलं 'ग्रँट', आणि मूळ अमेरिकी बुरूज असलेल्या गाड्याला नाव दिलं 'ली'. हे दोघे अमेरिकेतल्या यादवी युद्धातले सेनापती. ग्रँट उत्तरेकडचा, ली दक्षिणेकडचा. १८६५ मध्ये लीनं ग्रँटपुढेच शरणागती पत्करली होती. युद्धात एकमेकांसमोर उभे राहिलेले दोन सेनापती इथे सख्खे भाऊ झाले!

खोडींची किंमत

२७ मे १९४२ ला लिबियाच्या वाळवंटात गझाला इथे जर्मन सेनापती रोमेलच्या सैन्याची गाठ ग्रँट रणगाड्यांशी पडली. इंग्रजांकडे एवढ्या मोठ्या तोफेचे रणगाडे असतील अशी जर्मनांना कल्पना नव्हती. आधीचे इंग्रजी रणगाडे लांब दडलेल्या तोफांपुढे हतबल व्हायचे, कारण त्यांच्या छोट्या गोळ्यात स्फोटाची दारू मावत नसे. ग्रँटचा गोळा लांबवर जाऊन फुटायचा. घाईत घडलेल्या गाड्यानं वेळेवर येऊन काम केलं.

पण खोडी गप्प बसत नाहीत. मोठी तोफ खाली, कुशीत होती. टेकाडाआड लपून फक्त बुरूज वर काढायचा आणि गोळी झाडायची, हे इतर रणगाड्यांना जमायचं. एम-३ ला मोठी तोफ डागायची तर छातीपर्यंत बाहेर यावं लागे, आणि दहा फुटी गाडा दुरून दिसे. शिवाय याचे पोलादी पत्रे रिव्हेट ठोकून जोडलेले होते. रिव्हेट म्हणजे दोन्ही टोकं ठोकून चपटी केलेली लोखंडी मेख. शत्रूचा गोळा आदळला की तो आत शिरला नाही तरी रिव्हेटचं डोकं तुटून आतल्या माणसांवर गोळीसारखं उडत असे. पुढे काही गाडे वेल्डिंगनं जोडले, काहींचं अंग एकसंध ओतलं. कुशीला असलेली दारंही नाजूक ठरली, म्हणून नंतरच्या गाड्यांतून ती काढून टाकली.

अमेरिकेनं रशियालाही बरेच एम-३ पाठवले. तिथे त्यांच्यासमोर जर्मनांचे बलाढ्य रणगाडे होते. रशियन सैनिकांनी या गाड्याला टोपणनाव ठेवलं, 'सात जणांची कबर'. हसण्यावारी नेलेल्या या नावात केवढं दुःख आहे पाहा. नकाशावरची खोड म्हणजे कागदावरची रेघ असते. रणांगणावर तिची किंमत आत बसलेल्या माणसाला मोजावी लागते.

नुनशिगुमची चढण

आता आपल्या देशात येऊ या. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशातून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून, मणिपूरमधील इंफाळ आणि नागालँडमधील कोहिमा यांच्या रोखानं निघालं. नेताजी सुभाषचंद्र बोस यांची आझाद हिंद सेना स्वातंत्र्यासाठी त्यांच्याबरोबर होती. समोरच्या इंग्रजांच्या सैन्यातही हजारो जवान भारतीयच होते. म्हणजे दोन्ही बाजूंना आपली माणसं होती. ही गोष्ट वाचताना ते विसरायचं नाही. सांगशक या गावी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जपान्यांना रोखून धरणाऱ्यांत मराठा पलटणीची चौथी बटालियन होती.

इंफाळच्या उत्तरेला नुनशिगुम नावाचा डोंगर आहे. खालच्या सपाटीपासून तो सुमारे हजार फूट उठतो. जपान्यांनी तो घेतला होता. तिथून इंफाळ समोर दिसे. १३ एप्रिल १९४४ ला तो परत घ्यायला डोग्रा पलटणीचे जवान निघाले, आणि त्यांच्यासोबत डोंगराच्या सोंडेवरून चढू लागले एम-३ रणगाडे. आपल्या लोहगडाच्या विंचूकाट्यासारखी अरुंद सोंड डोळ्यांपुढे आणा आणि तिच्यावरून २७ टनांचा गाडा चढतोय अशी कल्पना करा! रणगाडा इथवर येईल असं जपान्यांना वाटलंच नव्हतं.

पण एवढ्या उभ्या चढावर गाड्याच्या फटीतून वाट दिसेना. चाक जरा चुकलं तर गाडा थेट दरीत. म्हणून गाड्यांचे प्रमुख डोकं बाहेर काढून चालकाला वाट सांगत राहिले, आणि गोळ्या त्यांनाच लागल्या. रणगाड्यांचे आणि डोग्रांचे सगळे अधिकारी त्या दिवशी मारले गेले किंवा जखमी झाले. तेव्हा रणगाड्यांची सूत्रं क्रॅडॉक नावाच्या सार्जंट मेजरनं हाती घेतली आणि डोग्रांची सुभेदार रणबीर सिंग यांनी. दोघांनी मिळून डोंगर घेतला. दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला, इंफाळच्या दक्षिणेला मोइरांग इथे आझाद हिंद सेनेनं तिरंगा फडकवला. एकाच खोऱ्यातले लागोपाठचे दोन दिवस!

कोहिमाला तर लढाई एका टेनिस कोर्टाच्या दोन बाजूंना चालली होती. जपान्यांचे मातीचे भक्कम मोर्चे तिथे होते. १३ मे रोजी एक ली रणगाडा उतारावरून मोठ्या मुश्किलीनं खाली आणला आणि त्यानं अगदी जवळून, पंधरा-वीस मीटरवरून, त्या मोर्च्यांवर तोफ डागली.

गंमत पाहा. युरोपच्या आघाडीवर तोवर एम-३ जुना होऊन मागे पडला होता. पण इथे जपान्यांकडे त्याला सहज भेदतील अशा तोफा फारशा नव्हत्या, आणि पायदळाला हवी होती मोर्चे फोडणारी तोफ. एका जागी 'कबर' म्हणवला गेलेला गाडा दुसऱ्या जागी आधार ठरला. वस्तू तीच, पण काम बदललं, आणि समोरचा बदलला. कोहिमाला एक ली रणगाडा आजही जतन करून ठेवलेला आहे. तिथल्या युद्धस्मारकात टेनिस कोर्टाच्या रेषा पांढऱ्या रंगानं आखलेल्या आहेत. जवळच एका स्मारकावर, ज्यांच्यावर अग्निसंस्कार झाले त्या ९१७ हिंदू आणि शीख जवानांची नावं आहेत.

साकव आणि पूल

एम-३ चे कारखाने धडाडत होते तेव्हा त्याचे नकाशेवाले काय करत होते? 'झालं आपलं काम' म्हणून स्वस्थ बसले होते? मुळीच नाही. ते मोठ्या फिरत्या बुरुजाच्या मागे लागलेले होते. सप्टेंबर १९४१ मध्ये नव्या गाड्याचा नमुना तयार झाला. फेब्रुवारी १९४२ मध्ये कारखान्यातून नवे गाडे निघू लागले. त्याचं नाव एम-४ शर्मन. ७५ मिलिमीटरची तोफ आता ऐटीत बुरुजात बसली होती. आणि खालचं अंग? इंजिन, पट्टे, चाकं, स्प्रिंगा बहुतेक एम-३ च्याच! वापरून वापरून ती घासून पारखलेली होती. १९४२ च्या डिसेंबरात एम-३ बनवणं बंद झालं. शर्मन मात्र ४९ हजारांहून जास्त बनले.

मावळातल्या मुलांना साकव माहीत असतो. ओढ्यावर पूल होईपर्यंत लोक लाकडं टाकून साकव घालतात. साकव घालणं यात कमीपणा नाही. पावसाळ्यात शाळेत जायचं तर पुलाची वाट पाहत घरी बसून कसं चालेल? पण साकव घातल्यावर दोन गोष्टी कराव्याच लागतात. एक, तो साकव आहे हे सगळ्यांना स्पष्ट सांगायचं, त्यावर किती माणसांनी चढायचं ते सांगायचं. दुसरी, त्याच दिवसापासून पुलाच्या कामाला लागायचं. एम-३ वाल्यांनी दुसरी गोष्ट चोख केली, म्हणून सोळा-सतरा महिन्यांत शर्मनचा पहिला गाडा उभा राहिला. नाही तर बिचारे सैनिक त्याच दहा फुटी गाड्यात बसून युद्ध संपेपर्यंत लढत राहिले असते.

हे मी उगाच सांगत नाही. आमच्या इंदुरीजवळ इंद्रायणीवर कुंडमळा आहे. तिथला जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ ला माणसांच्या गर्दीनं कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. पूल धोक्याचा आहे अशी पाटी होती. नवा पूल मंजूरही झालेला होता, पण उभा राहिलेला नव्हता. पाटी लावणं पुरेसं नसतं, मंजुरी मिळणंही पुरेसं नसतं, आणि पाटी वाचूनही पुढे जाणं बरं नसतं. मुलांनो, आणि हे वाचणाऱ्या आईबाबांनो, चालवून घेतलेली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी पायाखाली असते, हे आपण सगळ्यांनी ध्यानात ठेवायला हवं.

पाहायला जाऊ या

रणगाडे जवळून पाहायचे असतील तर अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला जा. तिथे सैन्याच्या चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. जुनी रोल्स-रॉइस चिलखती मोटार, १९६५ च्या युद्धात पकडलेले पॅटन रणगाडे, आपला विजयंता आणि देशोदेशीचे कितीतरी गाडे तिथे आहेत. मावळातून चाकण, शिक्रापूर करत नगर रस्त्याला लागता येतं. सहलीला गेलात तर प्रत्येक गाड्यापाशी उभं राहून तीन प्रश्न विचारा : तोफ कुठे बसवली आहे? पत्रे कशानं जोडले आहेत? आतल्या माणसाला बाहेरचं कुठून दिसत असेल? या तीन प्रश्नांनी गाड्याचं निम्मं चरित्र कळतं.

आणि एक चौथा प्रश्न मनात ठेवा, यात बसलेला मुलगा केवढ्या वयाचा असेल? बहुतेक वेळा उत्तर येतं, तुमच्या मोठ्या दादाएवढा.

मोजून पाहा

१. वर्गाच्या बाहेरच्या भिंतीवर खडूनं ३.१२ मीटरची खूण करा. शिडीवर मोठ्या माणसानंच चढायचं! त्याशेजारी २.७४ मीटरची खूण करा. पहिली एम-३ ची उंची, दुसरी शर्मनची. आता मैदानाच्या टोकाला जाऊन पाहा, फरक जाणवतो का?

२. मैदानावर एकानं उभं राहायचं. त्याच्या पायापासून ३० अंशांच्या कोनात दोन दोऱ्या ताणा. त्यानं पाय न हलवता फक्त या दोऱ्यांच्या मधल्या मित्रांना चेंडू मारायचा. बाकीच्यांनी दोऱ्यांबाहेर पळायचं. किती जण सापडतात ते मोजा. मग त्याला गोल फिरायची मुभा द्या आणि पुन्हा मोजा. फिरता बुरूज का हवा होता ते शिक्षकांनी न सांगता कळेल.

३. तुमच्या घरात, शाळेत किंवा गावात 'तात्पुरती' म्हणून केलेली आणि अजून तशीच असलेली एखादी सोय शोधा. ती केव्हा केली, का केली आणि पक्की सोय कधी होणार, हे मोठ्यांना विचारून दहा ओळींत लिहा. चांगला मजकूर असेल तर अंकाच्या पत्त्यावर जरूर पाठवा.

पुढच्या वेळी शस्त्र नाही, शेतातलं यंत्र घेऊ. ओळखा पाहू कुठलं? त्याला बैल लागत नाहीत, आणि रणगाड्याचे लोखंडी पट्टे मुळात त्याच्याच घराण्यातून आलेले आहेत!

तुमच्या बाई,
इंदुरी, ता. मावळ